ज्याची टिचकी त्याच्या कानात

इचलकरंजीत आता शांतता असते. हे वाक्य माझ्या आजोबांना कुणी ऐकवलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला आधी पाणी पाजलं असतं आणि मग डॉक्टरकडे नेलं असतं. माग बंद पडले असं समजू नका. माग तेवढेच आहेत, वराती आहेत, मिरवणुकीपुढच्या डीजेच्या भिंती तर आणखी उंच झाल्यात. फक्त त्यांचा आवाज आता कुणाच्या कानात शिरत नाही, कारण कानाच्या तोंडाशी मणी बसलेला असतो.

हा मणी वाटाण्याएवढा असतो. तो कानात बसवला की कान बुचासारखा बंद होतो. बाहेरचा आवाज आधी मण्यात जातो, मण्यातला प्रोग्राम तो चहासारखा गाळतो आणि गाळून उरलेलं तेवढं आत वाजवतो. चोथा बाहेरच राहतो. मागावर राबलेल्यांचे कान पूर्वीपासून जातच होते. त्यात डीजेपुढं नाचलेली अख्खी पिढी चाळिशीत बहिरी झाली. कंपन्यांची श्रवणयंत्रं घ्यायची तर घर गहाण टाकावं लागे. तेव्हा जगभरच्या काही हट्टी माणसांनी फुकटात हा प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘मोकळा कान’.

मोकळा कान कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. त्याची ओळन् ओळ कुणीही वाचावी, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी. हे सगळं ज्या उघड्या जागेवर चालायचं तिला आपल्याकडे चावडी म्हणत. तिथं जो बदल मांडायचा त्याचं नाव सूचना. आणि सूचना पारखून आत घ्यायची की नाही हे ठरवणारे ते राखणदार. ते पगारी नव्हते. दिवसभर पोटाचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात जगाचे कान सांभाळायचे, असली ही माणसं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं प्रोग्राम लिहिता येतो? त्याचीही सोय होती, आणि सगळी गोष्ट त्या सोयीतच आहे. एखादा आवाज नकोसा झाला की मण्यावर बोटानं टिचकी मारायची. मणी त्या आवाजाचा ठसा घेई. जसा अंगठ्याचा ठसा, तसा आवाजाचाही असतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ठसा गोळा होई सामाईक साठ्यात. एका पट्ट्यातल्या, म्हणजे साधारण एका गावातल्या, पुरेशा माणसांनी एकाच ठशावर टिचकी मारली, की प्रोग्राम समजे की हा गोंगाट आहे, आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या मण्यांत तो आवाज बुडवून टाकी. ज्यांनी टिचकी मारली नाही त्यांच्याही. लोकांना हे फार आवडलं. बोट हललं की जग सुधारतं, असं काम कुणाला आवडणार नाही?

डॉक्टर शर्वरी मगदूम ही मराठी मुलखातल्या सगळ्या पट्ट्यांच्या तीन राखणदारांपैकी एक. ध्वनिशास्त्र शिकलेली, इथल्याच कॉलेजात शिकवणारी, चाळिशीची बाई. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. मण्याशिवाय तिला फक्त कानाशी तोंड लावून ओरडलेलं ऐकू येई. मोकळा कान हा तिच्या लेखी नुसता प्रोग्राम नव्हता, त्याच्यामुळं तिला माणसांत बसता आलं होतं. त्याला कुणी नावं ठेवली की तिला ते स्वतःला बोलल्यासारखं लागायचं.

एका दुपारी तिच्या खोलीत एक साठीची बाई आली. हिरवी साडी, पदर खोचलेला. समोर उभी राहून ती तोंड हलवायला लागली. शर्वरीला पंखा ऐकू येत होता, खालच्या चहाच्या गाडीवरचे ग्लास ऐकू येत होते, या बाईचं मात्र अक्षर ऐकू येईना. बिचारी मुकी असेल असं वाटून शर्वरीनं तिच्यापुढं कागद आणि पेन सरकवलं. बाईनं कागद परत सरकवला, टेबलाला वळसा घातला, शर्वरीच्या कानातला मणी चिमटीत धरून सरळ उपसून काढला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडली.

“मी मुकी न्हाई. तुझ्या यंत्रानं मला मुकी केलीया.”

ही तेजस्विनी भोरे. नाव वाचून कुणी तरणी पोर डोळ्यांपुढं आणू नका. तिच्या काळी जन्मलेल्या तेजस्विनी, प्रियांका, ऐश्वर्या आता सगळ्या आज्ज्या झाल्यात. गल्लीत तिला तेजाक्का म्हणत. तिचा सगळा जन्म मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात गेला. नवरा भरमू जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. तेजाक्काला गावात दोन गोष्टींसाठी ओळखत, हात आणि तोंड. नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, तर सगळे गप्प बसत आणि तेजाक्का बोले. ती बोलायला लागली की सहजासहजी थांबतही नसे. तोंडाळ होती, हे मीही नाकारत नाही. पण गटार तिच्यामुळंच निघायचं, हेही खरं.

तिचा आवाज कधी बुडाला ते तिला कळलंच नाही. स्वतःचा आवाज स्वतःच्या मण्यात कधी बुडत नाही, तसं प्रोग्राममध्येच लिहिलेलं आहे. त्यात मागवाल्यांची एक सवय आड आली. शेडमधल्या खडखडाटात पूर्वी कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून ही माणसं ओठ वाचायला शिकली होती. तोंड मोठं करून हळू बोलायचं आणि समोरच्यानं ओठांवरून ओळखायचं. पिढ्यान्‌पिढ्या तीच रीत. तेव्हा तेजाक्का समोर उभी असली की लोक तिचे ओठ वाचून उत्तर द्यायचे. आपल्याला तिचा आवाज येत नाही, हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं. पाठमोऱ्या माणसाला हाक मारली आणि तो वळला नाही, तर तिला वाटायचं, माजलाय मेला.

मग भरमू मोरीत पडला. तोंड वाकडं झालेलं, एक हात गळालेला. तेजाक्का गॅलरीत धावली आणि हाका मारायला लागली. सकाळची वेळ, सून कामाला गेलेली, पण चाळीत माणसं होती. खाली कट्ट्यावर चौघं पत्ते खेळत होते, समोर एक पोरगी केस विंचरत बसली होती, दूधवाला सायकल लावत होता. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. एकही मान वळली नाही. घसा फाटेस्तोवर ओरडून झाल्यावर तिनं भरमूला चादरीत घातलं आणि एकटीनं जिन्यावरून ओढत खाली आणलं. तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर चालता-बोलता राहिला असता. भरमू वाचला, पण उजवी बाजू कायमची गेली.

सगळ्या गल्लीनं आपल्यावर दावा धरला, असंच ती धरून चालली होती. मग बेळगावच्या बहिणीचा फोन आला. बहिणीला तिचं सगळं नीट ऐकू येत होतं, आणि इथं तेजाक्काच्या शेजारी बसलेल्या तिच्या सुनेला काही म्हणजे काही येत नव्हतं. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खोट माणसांच्या मनात नाही, मण्यात आहे. निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

शर्वरीनं दुसरा मणीही काढून ठेवला आणि आपल्या पट्ट्यातले बुडालेले आवाज पडद्यावर उघडले. तिथं मिक्सर होते, भोंगे होते, भटकी कुत्री होती. माणसंही होती, तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. तेजाक्काचा ठसा त्यात सापडला.

“कुणी केलं?” तेजाक्कानं कानात ओरडून विचारलं. “नाव सांग. त्या पाण्याच्या टँकरवाल्यानं पैसं चारलं असतील. मी त्याच्याबद्दल लई बोललो हुतो.”

(आमच्याकडच्या बायका ‘मी बोललो, मी आलो’ असंच म्हणतात, दचकू नका.)

शर्वरी म्हणाली, कुणी पैसे चारले नाहीत. लबाडी असती तर प्रोग्रामनं पकडली असती. एकानं टिचकी मारली असेल डोकं दुखत होतं म्हणून, एकीनं बाळ झोपलं होतं म्हणून, एखाद्यानं क्रिकेट बघताना. कुणाच्या मनात काही नव्हतं. एकेकाची एकेक टिचकी, आणि सगळ्या मिळून पुरेशा झाल्या.

“म्हंजे सगळ्यांनी मिळून माझा गळा दाबला आनि कुणाचाच हात न्हवता. बरं हाय की.”

तेजाक्काचं म्हणणं सोपं होतं, माझा आवाज जिथं होता तिथं परत ठेव. राखणदाराला ते एका ओळीत करता आलं असतं. पण एकीला सूट दिली तर उद्या डीजेवालाही सूट मागणार. आणि मोकळ्या कानाच्या घटनेतलं पहिलंच कलम होतं, कुणाच्या कानावर सक्ती नाही. ज्यांच्या कानावर आयुष्यभर सक्ती झाली त्या बहिऱ्यांनीच ते लिहिलं होतं. शर्वरीचा त्यावर देवासारखा विश्वास होता. समोर बसलेल्या बाईच्या बाबतीत काहीतरी भयंकर घडलंय, हेही तिला दिसत होतं. दोन्ही खरं होतं आणि त्यानंच तिची पंचाईत झाली होती.

तिनं तेजाक्काला समजावलं की सूट मिळणार नाही, पण सूचना करता येईल. नियमच बदलायला सांगता येईल. तुला नेमका काय बदल हवाय ते एका वाक्यात सांग.

तेजाक्कानं फार विचार केला नाही. “ज्याची टिचकी त्याच्या कानात. माणसाचा आवाज नको झाला तर आपल्यापुरता बंद करा. दुसऱ्याच्या कानात बोळं घालायला तुम्ही कोन?”

शर्वरीला हे वाक्य ऐकून जरा हसू आलं, आणि मग हसू गेलं. बदल छोटा होता. माणसाचा गळा आणि बाकीचे आवाज प्रोग्राम आधीच वेगळे ओळखत असे. माणसाच्या ठशावरची टिचकी सामाईक साठ्यात पाठवायची नाही, मारणाऱ्याच्याच मण्यात ठेवायची, एवढंच करायचं होतं. तिनं त्या ओळी लिहिल्या, वर तेजाक्काची हकिगत तिच्याच शब्दांत घातली आणि तिच्या नावानं सूचना चावडीवर टाकली.

चावडीवर दुसऱ्याच दिवशी माणसांची रांग लागली. कुठकुठल्या देशांतली माणसं हळहळली. तेजाक्काला फार सहानुभूती मिळाली. सहानुभूती फुकट असते, ती मिळते. पण सूचनेला विरोध करणारेही होते आणि त्यांतले सगळेच काही दगड नव्हते. कुणी लिहिलं, आजारी माणसाला टिचकी मारता येत नाही, त्याला सामाईक साठाच वाचवतो. कुणी लिहिलं, आमच्या खिडकीखाली एक जण रोज घाण शिव्या देतो, त्याचा आवाज बुडाला म्हणून आमच्या मुली सुखानं अभ्यास करतात.

मग कुणीतरी मधला मार्ग काढला. घाबरलेल्या माणसाच्या हाकेला एक वेगळीच चिरक असते, मशीनला ती ओळखता येते. तेव्हा बुडालेल्या माणसानंही जिवाच्या आकांतानं हाक मारली तर ती ऐकू जावी. या बदलाचं नाव ठेवलं, हाकेची सवलत. सवलत लगेच मंजूर झाली. सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. मोकळा कान अशानंच सुधारत जातो, कुणा सामान्य बाईच्या एका तक्रारीवरून, असं त्यांनी लिहिलं. सूचना मांडणाऱ्यांच्या यादीत तेजस्विनी भोरे हे नावही लागलं.

शर्वरी आनंदानं ही बातमी सांगायला चाळीत गेली. तेजाक्का भरमूला पेज भरवत होती. शर्वरीनं मणी काढले, कान पुढं केला.

“म्हंजे मरताना तेवढी मी ऐकू येणार,” तेजाक्का म्हणाली. “आनि जितीपणी?”

शर्वरी म्हणाली, निदान एवढं तरी झालं. तेजाक्कानं चमचा वाटीत ठेवला.

“मला काय फकस्त हाकाच मारायच्यात व्हय? मला भांडायचंय. नळावर बोलायचंय. सुनंला टोमणं मारायचंत. ह्यांच्याशी रातीला गप्पा मारायच्यात, ह्यांच्या कानात बी मणीच हाय. ह्यांना आता मान वळवता येत न्हाई, माझं तोंड दिसत न्हाई. पडल्यापास्नं ह्यांना माझा सबूद ऐकू आलेला न्हाई. सवलत घाल चुलीत.”

शर्वरीनं भरमूकडं पाहिलं. तो छताकडं बघत पडला होता. त्याची बायको त्याच्याबद्दल हातभरावर बसून ओरडत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. शर्वरीला त्या क्षणी स्वतःचा, आपल्या चावडीचा आणि पाठ थोपटणाऱ्या सगळ्यांचा संताप आला. तिनं पुढं होऊन भरमूचा मणी काढून बघितला. पण त्याचे मूळचे कान मागानं पार खाल्ले होते. मण्याशिवाय त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू आला नसता.

मूळ सूचना अजून चावडीवर पडून होती. शर्वरीनं ती राखणदारांच्या बैठकीत लावून धरली. दुसरा राखणदार उन्मेष खांडबहाले नाशिकचा, शांत आणि सरळ माणूस. तो म्हणाला, शर्वरी, मलाही वाईट वाटतं. पण एका माणसाच्या शिव्या गल्लीतल्या प्रत्येकानं निदान एकदा तरी ऐकायच्या, असाच तुझ्या बदलाचा अर्थ होतो ना? ही सक्तीच झाली. शर्वरीनं हे तेजाक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एकदा ऐकल्यानं काय मरतंय व्हय कोन? एकदा तरी ऐका की. शर्वरीनं ते वाक्य जसंच्या तसं बैठकीत वाचून दाखवलं. दोन विरुद्ध एक अशा मतांनी सूचना फेटाळली गेली. उन्मेषनं खाली लिहिलं, ‘सूचनेबद्दल मनापासून आभार.’

आता एकच वाट उरली होती. मोकळ्या कानाच्या कायद्यात वेगळ्या चुलीचा हक्क होता. भावाभावांचं पटलं नाही की चूल वेगळी होते, तसंच हे. ज्याला निर्णय मान्य नाही त्यानं सगळा प्रोग्राम उचलावा, त्यात हवा तो बदल करावा आणि स्वतःच्या नावानं चालवावा. कुणी अडवणार नाही. फक्त वेगळी चूल मांडणाऱ्याला मूळ घराचं राखणदारपण सोडावं लागे. शर्वरीनं आयुष्याची उमेदीची वर्षं त्या राखणदारीत घातली होती.

तिनं तेजाक्काला दुसरी अडचणही स्पष्ट सांगितली. वेगळी चूल ज्याच्या मण्यात घातली त्याच्यापुरतीच चालते. तुझा आवाज लोकांच्या कानात बुडालाय, तुझ्या नाही. लोकांनी आपण होऊन ही चूल घेतली तरच तू त्यांना ऐकू येशील. आणि तुझी कटकट ऐकायला मिळावी म्हणून कोण मणी बदलणार?

“ह्यांच्या कानात तर घालशील?”

“घालीन.”

“मग मांड चूल. गाव ऱ्हाऊ दे.”

शर्वरीनं राजीनामा लिहिला. त्यात तिनं कारण लपवलं नाही आणि गोडही केलं नाही. लिहिलं की, नको ते न ऐकायचा हक्क मला मान्य आहे, पण दुसऱ्यानं काय ऐकू नये हे ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला ते मला सापडत नाही. मग तिनं नवी चूल मांडली. जुन्या सगळ्या टिचक्या मूळ घराच्या साठ्यातच राहिल्या, हिची पाटी कोरी होती. ती तिनं आधी स्वतःच्या मण्यांत घातली. नंतर भरमूच्या मण्यांत.

तेजाक्का नवऱ्याच्या उशाशी, त्याला दिसणार नाही अशी बसली आणि म्हणाली, “आवं.”

भरमूचा डावा हात उठला आणि हवेत तिला शोधायला लागला. तेजाक्कानं तो धरला आणि मग ती जी बोलत सुटली ती सुटलीच. सुनेचं, दुधाचं, दवाखान्याचं, पडला त्या दिवशीचं सगळं. भरमूच्या डोळ्यांतून पाणी कानशिलावर ओघळत होतं. शर्वरी दाराशी उभी होती. कानात ओरडलेला आवाज तिला माहीत होता. आज तिला तेजाक्काचा साधा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. तो जरा घोगरा होता, दुसरं त्यात काहीही वाईट नव्हतं.

निघताना शर्वरीनं आग्रहानं तेजाक्काच्याही मण्यांत नवी चूल घातली. तेजाक्का कुरकुरत होती की माझ्या कानाला काय धाड भरलीया, मला सगळं ऐकू येतं. शर्वरी म्हणाली, चूल तुझ्या नावाची, ती तुझ्या घरात नको? मग तेजाक्का तिला पोचवायला जिना उतरायला लागली.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. डाव्या हाताच्या बंद दारामागून कुणीतरी बोलत होतं.

“कोन हाय त्ये?” तेजाक्का म्हणाली. “गुंडाप्पा?”

तळमजल्यावरच्या त्या खोलीत गुंडाप्पा कोरे राहायचा. पेठेतला जुना घड्याळजी. मागाशी त्याचा कधी संबंध आला नाही, त्यामुळं त्याचे कान ठणठणीत होते आणि त्यानं मणी कधी घातलाच नाही. पाय मात्र गेले होते. पूर्वी तो खाटेवर पडून दिवसभर मोठमोठ्यानं बडबडायचा, सरकारला शिव्या, पोरांना शिव्या, जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी. मग तो शांत झाला. देवाधर्माला लागला असणार, असं चाळीत म्हणत. पुतणी सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडाकडं न बघता ताट ठेवून जायची.

तेजाक्कानं दार ढकललं. गुंडाप्पा खाटेवर उशीला टेकून बसला होता. तिला बघून त्यानं बोलणं थांबवलं. मग तो सावकाश म्हणाला, “तेजा, भरमू कसा हाय? किती जनांस्नी इचारलं. कुनी सांगतच न्हाई.”

तेजाक्का उंबऱ्यातच उभी राहिली. तुला कसं कळलं, असं तिनं विचारलं.

“मला कळायला काय? तू हाका मारत हुतीस न्हवं. मी ‘ओ’ देत हुतो. खिडकीतनं लोकांस्नी वरडत हुतो, आरं वर जावा, भरमू पडलाय. माणसं खिडकीखालनं जात हुती. शेवटाला तांब्या भाईर फेकला. एकानं उचलून, आत न बघताच परत खिडकीत ठिवला.”

त्या दिवशी आपल्या हाकेला एकाही माणसानं ओ दिली नाही, हे तेजाक्कानं तेव्हापासून सगळ्या जगाला ऐकवलं होतं. चावडीवर ते कितीतरी भाषांत लिहिलं गेलं होतं. आणि ओ आली होती. पहिल्या हाकेला आली होती. तिच्याच कानापर्यंत पोचली नव्हती.

तिनं दाराची चौकट धरली.

“तुझ्यावर मी बी टिचकी मारलीया गुंडाप्पा. दोन-तीन येळा मारली आसंल. शेडमधनं दमून यायचो, आनि तुझं चालूच.”

“ठावं हाय,” गुंडाप्पा म्हणाला. “जिन्यात बसून तूच सांगत हुतीस समद्या बायकांस्नी. म्हाताऱ्यावर टिचकी मारली म्हनून हसत हुतासा. मला सगळं ऐकू येतं की गं. तुमचं कुनाचं काय, कुनाचं काय, सगळं.”

तेजाक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि रागानंच विचारलं, कुणाला ऐकू जात नाही हे ठाऊक होतं, तर मग एवढे दिवस ओरडत कशाला बसलास? तेवढा दम तरी वाचला असता.

गुंडाप्पाला त्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. “तोंड माझं हाय,” तो म्हणाला.

तेजाक्का शर्वरीकडं वळली. “ती सूचना उद्या परत घाल. मागल्या बारीला तक्रारवालीचं म्हनून माझं नाव घातलंस. आता टिचकी मारनारी म्हनून घाल. पयलं माझं. गुंडाप्पा कोऱ्याचा आवाज मी बुडीवला, असं लिव. म्हनावं, आता तुमी तुमची नावं घाला.”

शर्वरी म्हणाली, कुणी घालणार नाही. आणि सूचना परत फेटाळतील.

“मग परवा घाल.”

शर्वरीनं चाळीतून निघण्याआधी कट्ट्यावर बसून ते लिहिलं आणि चावडीवर टाकलं. आज ते तिथं आहे, कुणीही वाचू शकतं. खाली पुष्कळांनी सहानुभूती लिहिली आहे. नाव अजून एकाचंही आलेलं नाही.

कट्ट्यावरून उठताना तिनं मागं पाहिलं. तेजाक्का गुंडाप्पाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली होती आणि दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. ती म्हणत होती, तांब्या कसला फेकतोस, काच फोडायची होतीस. तो म्हणत होता, काच काय तुझा बाप भरून देणार होता? दोघांचे आवाज बोळाच्या टोकापर्यंत घुमत होते. शेडची पाळी सुटली होती, माणसांचा लोंढा त्यांच्या अंगावरून घरी चालला होता, पत्तेवाले पत्ते पिसत होते, आणि कुणी नुसतं वळूनही बघत नव्हतं.